आजाऱ्याचा खाडा



मजुरीच्या जगात ‘खाडा’ हा शब्द दिसायला लहान असला तरी त्याचा भार फार मोठा असतो. ज्या दिवशी हात चालले नाहीत, त्या दिवसाच्या चौकोनात मुकादम एक फुली मारतो आणि महिनाअखेरीस त्या फुलीइतके धान्य घरात कमी येते. ज्यांना दरमहा ठरलेल्या तारखेला पूर्ण वेतन मिळते, त्यांना या फुलीचे भय सहसा ठाऊक नसते. म्हणूनच अंगात ताप असताना एखादा माणूस कामावर आला, की आपण त्याला बेजबाबदार ठरवून मोकळे होतो. ‘घरी बसायला काय झाले होते याला?’ असे आपण विचारतो. हा प्रश्न योग्य आहे, परंतु तो योग्य माणसाला विचारला जातो का, याचा विचार आज आपण अल्लाहच्या मार्गदर्शनाच्या प्रकाशात करू या.

एका विद्यापीठाच्या आवारात काम करणारी तीन माणसे क्षणभर डोळ्यांसमोर आणा. पहिला कायम सेवेतील प्राध्यापक. त्याच्या रजेच्या खात्यात दर वर्षी २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्यास तिचे निम्म्या दिवसांच्या पूर्णवेतनी रजेत परिवर्तन करता येते. शिवाय नैमित्तिक रजा वेगळीच. दुसरा तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण अध्यापक. जितके तास घेतले तितकेच मानधन, हा त्याचा करार. तिसरी, वसतिगृहाच्या खानावळीत कंत्राटदारामार्फत पोळ्या लाटणारी एक भगिनी. तिची हजेरी लागली तर मजुरी, नाही तर खाडा.

समजा, फ्लूची साथ आली आणि तिघांनाही एकाच रात्री ताप भरला. पहिला सकाळी विभागप्रमुखांना दूरध्वनी करतो आणि पांघरूण ओढून झोपतो. दुसरा ताप उतरवण्याची गोळी घेतो आणि साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात उभा राहतो. तिसरी पदर तोंडाला लावून परातीपुढे बसते, आणि तिच्या हातच्या पोळ्या दुपारी शेकडो मुले खातात. रोग तिघांना एकच झाला, पण घरी राहण्याची मुभा एकालाच मिळाली. रोगाचे विषाणू मात्र कोणाच्या सेवाशर्ती विचारत नाहीत.

२००९ चा ऑगस्ट महिना

हे चित्र केवळ कल्पनेतले नाही. २००९ मध्ये ‘एच-वन-एन-वन’ या नव्या फ्लूची साथ जगभर पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी तिला जागतिक महासाथ घोषित केले. भारतातील या साथीचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी, विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या पुण्यात, एका शाळकरी मुलीचा झाला. त्यानंतरचे दिवस पुणेकरांच्या आजही स्मरणात असतील. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, काही दिवस बंद ठेवलेल्या शाळा, महाविद्यालये आणि चित्रपटगृहे. विद्यार्थ्यांना सुटी मिळाली हे सर्वांनी पाहिले. परंतु वर्ग बंद असताना ज्यांचे तास बुडाले आणि खानावळी बंद असताना ज्यांची मजुरी थांबली, त्यांच्याकडे किती जणांचे लक्ष गेले?

त्याच महिन्यात अमेरिकेतही हाच प्रश्न अधिक उघडपणे पुढे आला. तेथे ऑगस्टअखेर विद्यापीठांचे नवे वर्ष सुरू होते. वॉशिंग्टन राज्यातील पुलमन या गावी असलेल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सत्र सुरू होताच सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांनी फ्लूसारख्या लक्षणांची तक्रार केली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने सर्व उच्च शिक्षणसंस्थांना सल्ला दिला, की ताप आलेल्या विद्यार्थ्याने वा कर्मचाऱ्याने घरीच राहावे आणि तापाचे औषध न घेता ताप उतरल्यानंतर किमान २४ तास उलटल्याशिवाय आवारात येऊ नये. कर्मचाऱ्यांकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आग्रह धरू नये, कारण त्यामुळे दवाखान्यांवर नाहक ताण पडतो, असेही त्यात सुचवले होते. सल्ला शहाणपणाचा होता. परंतु आजारपणाच्या दिवसांचे वेतन देणे मालकांना बंधनकारक करणारा कोणताही संघराज्यीय कायदा तेव्हा त्या देशात नव्हता. १९९३ च्या कुटुंब व वैद्यकीय रजा कायद्याने १२ आठवड्यांची रजा दिली होती, ती बिनपगारी आणि तीही अनेक अटींसह. म्हणजे घरी राहण्याचा उपदेश सर्वांना मिळाला, पण तो पाळण्याची ऐपत ज्याच्या संस्थेने दिली त्यालाच मिळाली.

आपल्या देशातील स्थिती याहून फार निराळी नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली नोंदणी झालेल्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या सुमारे ७० टक्के भत्ता वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. परंतु सर्वसाधारणपणे आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. आता फ्लूचा स्वभाव पाहा. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो इतरांना लागू लागतो आणि पहिल्या काही दिवसांत त्याचा प्रसार सर्वाधिक असतो. ज्या दोन दिवसांत त्या मजुराने घरी राहणे समाजाच्या सर्वाधिक हिताचे, नेमके तेच दोन दिवस त्याने पदरमोड करून काढायचे! आणि ज्याची नोंदणीच झालेली नाही, त्याला हेही दार बंद.

उंटांचा मालक

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तापलेल्या अंगाने कामावर येऊन दुसऱ्याला आजारी पाडणे हा गुन्हा आहे का? आणि असेल तर तो कोणाचा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. स्वतः इजा पोहोचवू नये आणि इजेच्या बदल्यात इजाही करू नये, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीतून आलेले तत्त्व इस्लामी न्यायशास्त्राच्या आधारस्तंभांपैकी एक आहे. ज्याला पर्याय आहे, ज्याचे वेतन सुरक्षित आहे आणि तरीही केवळ आपल्या कर्तव्यदक्षतेचा डौल मिरवण्यासाठी जो खोकत-शिंकत कार्यालयात येतो, त्याने आपण पुण्य करीत आहोत अशा भ्रमात राहू नये. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, लोकांना त्या वासाचा त्रास होतो, अशी ज्या धर्माची शिकवण आहे, तो धर्म वासाहून कितीतरी घातक असलेला रोग घेऊन माणसांत मिसळण्यास कसा मान्यता देईल?

काही बंधू येथे ‘तवक्कुल’चा, म्हणजे अल्लाहवरील भरवशाचा, मुद्दा काढतात. आजार येणे-जाणे अल्लाहच्या हाती, मग एवढी दक्षता कशाला, असे ते म्हणतात. त्यांनी हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. शामच्या प्रवासात सर्ग या ठिकाणी त्यांना पुढील प्रदेशात प्लेगची साथ असल्याचे कळले. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की हे अल्लाहने ठरवलेल्या नियतीपासून पळणे नव्हे काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता, की होय, आपण अल्लाहच्याच एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये व तेथे असल्यास पळून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी सांगितली. सावधगिरी म्हणजे भरवशाचा अभाव नव्हे. ज्याने रोग निर्माण केला त्यानेच सावधगिरीची बुद्धीही दिली आहे.

आता दुसरा प्रश्न. गुन्हा कोणाचा? या संदर्भात हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीस मननीय आहे. तिचा आशय असा, की ज्याची जनावरे आजारी आहेत त्याने ती दुसऱ्याच्या निरोगी जनावरांत नेऊ नयेत. वाचकहो, या आदेशाची दिशा नीट पाहा. पाणवठ्यावर उंट स्वतःच्या मर्जीने जात नाही, त्याची दोरी ज्याच्या हातात आहे तो त्याला नेतो. म्हणून आज्ञा उंटाला नाही, मालकाला आहे. माणसाला विवेक आहे, तो उंट नव्हे, हे खरेच. म्हणूनच त्याची स्वतःची जबाबदारी कधीही पूर्णपणे संपत नाही. परंतु ज्या माणसाच्या पोटाची दोरी दुसऱ्याच्या हातात आहे, त्याच्या येण्या-जाण्याची जबाबदारीही त्या प्रमाणात दुसऱ्याकडे जाते. ‘आलास तर मजुरी, नाहीतर खाडा’ असे म्हणून जो त्याला तापातही परातीपुढे बसवतो, तो केवळ एका मजुराचे नुकसान करीत नाही, तर आजारी कळप निरोगी कळपात नेऊन सोडतो. मग ‘मी त्याला बोलावले नव्हते, तो आपणहून आला’ हे उत्तर न्यायाच्या दिवशी पुरेसे ठरेल काय?

अल्लाहच्या हजेरीपटात

आपल्यावर सर्वाधिक हक्क कोणाचा? निःसंशय अल्लाहचा. त्या हक्कापुढे विद्यापीठ, कारखाना वा कार्यालय यांचा हक्क तो किती! आणि पाहा, त्या परमदयाळू मालकाने आपल्या दासांना आजारपणात कसे वागवले. रमजानचे रोजे अनिवार्य करतानाच दिव्य कुरआनने सांगितले, की जो आजारी वा प्रवासात असेल त्याने ती संख्या इतर दिवसांत पूर्ण करावी (अल-बकरा, २:१८५). रात्रीच्या उपासनेचा भार हलका करताना जी कारणे सांगितली, त्यांत तुमच्यापैकी काही आजारी असतील हे कारण पहिले आहे (अल-मुज्जम्मिल, ७३:२०). आजाऱ्यावर दोष नाही, ही ग्वाही कुरआनने एकाहून अधिक ठिकाणी दिली आहे. ज्याला उभे राहून नमाज अदा करता येत नाही त्याने बसून करावी, बसता येत नसेल तर पडून करावी.

एवढ्यावरच हे थांबत नाही. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी सांगितलेल्या, सहीह बुखारीतील एका हदीसचा आशय असा आहे, की दास जेव्हा आजारी पडतो किंवा प्रवासाला जातो, तेव्हा तो घरी व निरोगी असताना जी सत्कृत्ये नेमाने करीत असे, ती त्याच्या नावे तशीच लिहिली जातात. वाचकहो, क्षणभर थांबून याचा अर्थ मनात उतरू द्या. अल्लाहच्या हजेरीपटात आजाऱ्याचा खाडा धरला जात नाही! जो कोणत्याही सेवेचा मोहताज नाही, तो आपल्या दासाचे आजारपणातील मोल कापत नाही. मग जे स्वतः त्याच्या दयेचे मोहताज आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसाच्या तापाच्या दिवसावर किती सहजपणे फुली मारावी?

काम नाही, तर दाम का?

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संस्थाचालक म्हणतील, ‘परलोकातील पुण्याची गोष्ट वेगळी, आमच्या तिजोरीची वेगळी. जे काम झालेच नाही त्याचे दाम का द्यावे?’ फिक्हच्या ग्रंथांतही सर्वसाधारण नियम असाच दिसतो, की ठराविक काळासाठी नेमलेला कामगार त्या काळात सेवेसाठी स्वतःला उपलब्ध करून देतो म्हणून वेतनाचा हक्कदार ठरतो. आजारपणामुळे तो उपलब्धच नसेल तर केवळ मूळ कराराच्या बळावर तो वेतन मागू शकत नाही. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

पण पुढे जाण्यासाठी बद्रचा प्रसंग पाहू या. हिजरी सन २ मध्ये मुस्लिमांचे छोटेसे सैन्य बद्रकडे निघाले, तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी, प्रेषितांच्या (स.) कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषितांनी (स.) हजरत उस्मान (रजि.) यांना त्यांच्या शुश्रूषेसाठी मदीनेतच थांबण्यास सांगितले. आणि काय आश्वासन दिले? बद्रमध्ये प्रत्यक्ष सहभागी झालेल्या माणसाइतकेच पुण्य, आणि त्याच्याइतकाच वाटा! केवळ परलोकातील मोबदला नव्हे, तर युद्धात मिळालेल्या संपत्तीतील प्रत्यक्ष हिस्सासुद्धा. जो रणांगणावर नव्हता, ज्याने तलवार उचलली नाही, त्याला पूर्ण वाटा. कारण तो आपल्या मर्जीने मागे राहिला नव्हता. ज्याच्या आज्ञेने सैन्य निघाले त्याच्याच आज्ञेने तो घरी थांबला होता.

या एका प्रसंगात साथीच्या काळातील रजेचा सारा विचार सामावला आहे. सामान्य काळातील आजारपण ही बहुतांशी व्यक्तीची अडचण असते. साथीच्या काळात मात्र संस्थाच सांगते, की ताप असेल तर येऊ नका. माणूस घरी थांबतो तो केवळ स्वतःला विश्रांती मिळावी म्हणून नव्हे, तर आवारातील हजारो लोक निरोगी राहावेत म्हणून. संस्थेच्या सांगण्यावरून, संस्थेच्या हितासाठी घरी थांबणे ही अनुपस्थिती नव्हे, तीही एक सेवा आहे. आणि लाभ ज्याचा, भारही त्याचाच, हे इस्लामी न्यायशास्त्रातील मान्य सूत्र आहे. उस्मानी राजवटीत १९व्या शतकात सिद्ध झालेल्या ‘मजल्ला’ या न्यायसंहितेतही त्याला स्थान मिळाले. लाभ सर्व विद्यापीठाचा आणि भार मात्र पोळ्या लाटणाऱ्या एका भगिनीच्या चुलीवर, हा व्यवहार न्यायाच्या कोणत्या तराजूत बसतो?

आपल्याकडील जुन्या सरकारी सेवानियमांत या विचाराची खूण सापडते. घरात संसर्गजन्य रोगाचा रुग्ण असल्यामुळे ज्या कर्मचाऱ्याला कामावर न येण्याचा आदेश मिळे, त्याला ‘क्वारंटाइन रजा’ दिली जात असे. ती साधारणपणे २१ दिवसांपर्यंत, विशेष परिस्थितीत ३० दिवसांपर्यंत असे. त्या काळात तो कामावर गैरहजर आहे असे मानले जात नसे आणि त्याचे वेतनही खंडित होत नसे. म्हणजे ही गोष्ट कल्पनेबाहेरची नाही. ती सरकारी नोकरांसाठी होती, आज जे सर्वांत खालच्या पायरीवर आहेत त्यांच्यापर्यंत ती पोहोचायची आहे, इतकेच.

मनाई आणि शिधा

हजरत उमर (रजि.) यांच्या जीवनातील दोन वेगवेगळे प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मध्ये असे आले आहे, की काबागृहाला प्रदक्षिणा घालणाऱ्या एका कुष्ठरोगी स्त्रीला त्यांनी सौम्यपणे समजावले, की लोकांना त्रास न देता तू घरी राहिलीस तर बरे होईल. तिने ते ऐकले, आणि त्यांच्या निधनानंतर कोणी बाहेर पडण्यास सुचवले तरी तिने ते वचन मोडले नाही. दुसरा प्रसंग बलाजुरी या इतिहासकाराने नोंदवला आहे. दमास्कसच्या परिसरात जाबियाकडे जाताना हजरत उमर (रजि.) यांना काही कुष्ठरोगी ख्रिस्ती लोक दिसले. त्यांनी आदेश दिला, की यांना सदक्याच्या निधीतून साहाय्य द्यावे आणि यांच्या अन्नाची नियमित सोय लावावी.

प्रसंग दोन आहेत, पण शासक एकच आहे. ज्या मुखाने आजाऱ्याला घरी राहण्यास सांगितले, त्याच मुखाने आजाऱ्याच्या शिध्याचा आदेशही दिला, आणि तो देताना त्याचा धर्म विचारला नाही. मनाई आणि शिधा ही एकाच न्यायाची दोन अंगे आहेत. मनाई आहे पण शिधा नाही, ही व्यवस्था सावधगिरीची नसून सावधगिरीचा सारा भार गरिबावर टाकण्याची आहे.

पुढील काळातील मुस्लिम समाजाने हे भान काही ठिकाणी संस्थांच्या रूपाने जपले. १२व्या शतकाच्या अखेरीस मोरोक्कोतील मराकेश शहरात अल-मोहाद शासक याकूब अल-मन्सूर याने उभारलेल्या रुग्णालयाचे वर्णन इतिहासकार अल-मर्राकुशी याने केले आहे. तेथून बरा होऊन निघणारा रुग्ण गरीब असेल, तर तो पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत पुरेल इतकी रक्कम त्याला दिली जाई. आजार गेला म्हणजे अशक्तपणाही त्याच दिवशी गेला, असे त्यांनी मानले नाही.

अमानतीची दुसरी बाजू

येथपर्यंत वाचून काही कर्मचारी बंधू सुखावले असतील. त्यांनी आता पुढचेही ऐकावे. रजा ही मालकाकडे जशी अमानत आहे तशी ती कर्मचाऱ्याकडेही अमानत आहे. साथीचे निमित्त करून ताप नसताना ताप सांगणारा, लग्नकार्यासाठी आजाराचे खोटे प्रमाणपत्र मिळवणारा, रजेवर असताना दुसरीकडे शिकवणी घेणारा माणूस केवळ संस्थेला फसवत नाही. ज्या सहकाऱ्याला उद्या खरोखर ताप येणार आहे, त्याच्यावरचा विश्वास तो आजच खर्च करून टाकतो. त्याच्या एका खोट्या चिठ्ठीमुळे शंभर खऱ्या आजाऱ्यांना रांगेत उभे राहावे लागते. दिव्य कुरआनने मापात पाप करणाऱ्यांचा निषेध केला तो घेताना पुरेपूर आणि देताना कमी, या वृत्तीचा आहे (अल-मुतफ्फिफीन, ८३). पूर्ण वेतन घेऊन कमी सेवा देणारा कर्मचारी आणि पूर्ण सेवा घेऊन कमी वेतन देणारा मालक, दोघांच्याही तराजूची दांडी सारखीच वाकडी आहे. आणि पैसे घेऊन खोटे प्रमाणपत्र लिहिणारा डॉक्टर तर खोटी साक्ष देतो.

परंतु काहीजण खोटे बोलतात म्हणून सर्वांकडे संशयाने पाहणे हाही मार्ग नव्हे. अतिसंशयापासून दूर राहण्याची कुरआनची आज्ञा (अल-हुजुरात, ४९:१२) केवळ शेजारी-नातेवाइकांपुरती नाही. तापाच्या पहिल्याच दिवशी चिठ्ठी आणण्याची सक्ती केली, तर आजारी माणूस गर्दीच्या दवाखान्यात तासन् तास बसतो, स्वतः थकतो आणि चार जणांना रोग देऊन येतो. साथीच्या काळात पहिल्या काही दिवसांसाठी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणे हीच सावधगिरी आहे. दहांपैकी एकाने फसवले, तर संस्थेचे एका दिवसाचे वेतन बुडेल. उरलेल्या नऊ जणांना कामावर बोलावले, तर किती घरांत रोग शिरेल?

आपल्या हातात काय आहे?

आपल्यापैकी काहीजण शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत, काही प्राचार्य, काही विभागप्रमुख. त्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, साथीच्या काळात तापासाठी काही दिवसांची स्वतंत्र भरपगारी रजा द्यावी, जी इतर रजेतून वजा होणार नाही. घरातील आजारी मुलाची वा वृद्धाची शुश्रूषा करणाऱ्यालाही, हजरत उस्मान (रजि.) यांचा प्रसंग स्मरून, ती मिळावी. दोन, सफाई, पहारा व खानावळीच्या निविदा काढतानाच आजारपणाच्या वेतनाची अट करारात घालावी आणि तिचा खर्च दरात धरावा. मूळ करारात हक्क नसेल तर तो करारात लिहून देता येतो, आणि मुस्लिम आपल्या मान्य केलेल्या शर्तींनी बांधलेले असतात. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना तो दर कोणाच्या तापातून कमी झाला आहे, हेही पाहावे. तीन, तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे बुडालेले तास नंतर भरून घेण्याची मुभा द्यावी. अल्लाहने आजाऱ्याला बुडालेले रोजे इतर दिवसांत पूर्ण करण्याची सवलत दिली, मग आपण बुडालेले व्याख्यान पुढच्या आठवड्यात घेऊ देऊ शकत नाही काय? चार, ताप गेल्यावर लगेच हलके नसलेले काम अंगावर टाकू नये. हाताखालची माणसे तुमचे बंधू आहेत, त्यांच्यावर ताकदीबाहेरचा भार टाकू नका आणि टाकलाच तर स्वतः मदतीला जा, ही प्रेषितांची (स.) शिकवण हजरत अबू जर्र (रजि.) यांनी आपल्यापर्यंत पोहोचवली आहे.

आणि ज्यांच्या हाती कोणतीही संस्था नाही, त्यांनी हा लेख इतरांसाठी आहे असे समजू नये. आपल्या मोहल्ल्यातील मशिदीचे मुअज्जिन तापाने पडले, तर विश्वस्त मंडळ त्या दिवसांचे मानधन देते का? आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई दोन दिवस आजारी पडली, तर महिनाअखेरीस आपण बोटांवर कोणते दिवस मोजतो? विद्यापीठाने कंत्राटी कामगारावर अन्याय केला म्हणून हळहळणारा माणूस आपल्या स्वयंपाकघरात तोच हिशेब करीत असेल, तर त्याच्या हळहळीला कितीसे वजन उरणार? माता-भगिनींनो, पुढच्या वेळी तिचा चेहरा तापलेला दिसला, तर तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. तुमच्या मुलांचे त्यात रक्षण आहे. पण तिला पाठवताना एवढे एक वाक्य अवश्य सांगा, की ‘बाई, या दिवसांचा खाडा धरणार नाही.’ हे वाक्य सांगितले नाही, तर ती उद्या ताप लपवून येईल, आणि त्या लपवण्यात आपलाही वाटा असेल.

एक दिवस आपण सर्वजण अशा मालकापुढे उभे राहणार आहोत, ज्याच्या हजेरीपटात आपली असंख्य खाडे पडलेली आहेत. आळसाची, गफलतीची, जाणूनबुजून चुकवलेल्या सेवेची. त्या दिवशी आपण त्याच्याकडे काटेकोर हिशेब मागणार नाही, केवळ दया मागणार आहोत. जे मागायचे आहे ते आज थोडेसे दुसऱ्याला देऊन ठेवू या.

हे अल्लाह, आमच्यातील आजारी बंधू-भगिनींना पूर्ण आरोग्य दे. ज्यांच्या हाती इतरांची रोजी आहे त्यांना न्याय आणि त्याहून पुढचा उपकार करण्याची सद्बुद्धी दे. जे कष्ट करून पोट भरतात त्यांना अमानत सांभाळण्याचे बळ दे. आमीन.